चेपणं, चंपी आणि शांपू

सुपा हे पुणे–नगर रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं गाव. अशा गावांच्या एस.टी. स्टँडजवळ किराणा दुकानात शांपूच्या पुड्यांची माळ लटकत असते, आणि शेजारच्या केशकर्तनालयात कुणीतरी डोळे मिटून डोक्याला मालिश करून घेत असतं. या दोन गोष्टी एकाच शब्दातून निघाल्या आहेत, असं वर्गात सांगून पाहा. मुलांना खरं वाटणार नाही.

हिंदीत 'चांपो' म्हणजे दाब, चेप. आपलं 'पाय चेपणं' आणि 'चंपी' त्याच गोतावळ्यातले. अठराव्या शतकात इथल्या इंग्रजांनी हा शब्द उचलला, तेव्हा शांपू म्हणजे अंग रगडणं एवढाच अर्थ होता. केस धुण्याशी त्याचं नातं जुळलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मधल्या काळात शेख दीन महंमद (1759–1851) यांनी या शब्दावर इंग्लंडात नाव कमावलं. जन्म पाटण्याचा, नोकरी कंपनीच्या बंगाल सैन्यात. 1814च्या सुमारास ते ब्रायटनला आले आणि वाफेचं स्नान व मालिश यांचा दवाखाना काढला. फ्लॅनेलच्या तंबूत रुग्ण वाफ घेत बसे आणि महंमद तंबूच्या फटींतून हात आत घालून त्याचं अंग रगडत. 1822मध्ये त्यांनी या उपचारावर पुस्तक लिहिलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते 'शांपू सर्जन' झाले.

इकडे आपल्या गावगाड्यात हीच विद्या बलुत्यावर चालत होती. डोकं-अंग रगडायला न्हावी, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला सुईण. हात फिरवताना आखडलेला स्नायू लागला की तिथे थांबायचं, दाब हळूहळू वाढवायचा, समोरच्याचा चेहरा आणि श्वास बघून तो कमी करायचा, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. शिवाय त्या घराची माहिती असे. आईचं बाळंतपण केलेली सुईणच पुढे लेकीचंही करी. अनेक गावांत ही सुईण मातंग समाजातली असे. जिच्या हाती नवजात बाळ निर्धास्त सोपवलं जाई, तिला एरवी त्याच घराच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. तिच्या ज्ञानाची लेखी नोंद फारशी का झाली नाही, याचं उत्तर आम्हाला यातच दिसतं.

आता थोडं त्वचेकडे वळू. बाही वर करून हाताच्या वरच्या बाजूवर बोटांनी अगदी सावकाश, सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर वेगानं स्पर्श करा. मग तोच स्पर्श झपाट्यानं करा. पहिला अधिक सुखद वाटतो ना? केसाळ त्वचेत एक प्रकारचे बारीक, मंदगती चेतातंतू असतात. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटीमीटर वेगाच्या हळुवार स्पर्शाला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. तळहातावर ते फार विरळ आहेत. काय टोचलं, कुठे टोचलं, हे सांगणं त्यांचं काम नाही. स्पर्श सुखाचा वाटण्याशी त्यांचा संबंध आहे. माणसात त्यांचा शोध लागला तो विसाव्या शतकाच्या अखेरीला.

हा स्पर्श नुसता सुखाचा की उपयोगाचाही? 1986मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या 20 बाळांना रोज तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं हळुवार चोळलं आणि त्यांचे हातपाय हलवले. दहा दिवसांत त्यांची रोजची वजनवाढ इतर बाळांपेक्षा 47 टक्क्यांनी जास्त भरली. बाळं थोडीच होती, हे विसरू नये. 2005मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोबरेल तेल, खनिज तेल आणि पावडर यांची तुलना प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खोबरेल तेलाच्या गटात अधिक वेगानं वाढलं. पण मालिश तिन्ही गटांना होतं, त्यामुळे यात तेलाचा वाटा कळतो, हाताचा नाही. रुग्णालयात हे मालिश प्रशिक्षित व्यक्ती करत होती. घरी गेल्यावर ते आईनं करायचं होतं, दिवसातून चारदा.