वल्हे हाती घेणारे पुढारी

पुढारी म्हणजे पुढे चालणारा, हा अर्थ आपण सर्वच जाणतो. प्रश्न एवढाच उरतो, की तो पालखीत बसून पुढे जातो की पालखी खांद्यावर घेऊन. ख्रिस्ती परंपरेने याचे उत्तर एका कृतीत पाहिले आहे. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. 'सेवक-नेतृत्व' हा शब्द रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० सालच्या निबंधापासून रूढ झाला. कल्पना मात्र पुरातन आहे. ती शाळकरी मुलांच्या अंगी बाणविता येते काय? या दृष्टीने श्रीनगरच्या मिशन शाळेचा इतिहास आम्हांस फार बोधप्रद वाटतो.

सेसिल टिंडेल-बिस्को १८९० साली या शाळेत आले. १८८४ च्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत केंब्रिजच्या नावेचे सुकाणू त्यांच्या हाती होते. शाळेतील बहुतेक मुले काश्मिरी पंडितांची. हुशार आणि पाठांतरात तरबेज. परंतु वल्हे मारणे हे हांजी नावाड्यांचे काम, ओझे उचलणे हमालाचे. लेखणीखेरीज कशास हात लावला की प्रतिष्ठा गेली, अशी त्यांची समजूत होती. शिक्षणाचे ध्येय सरकारी नोकरी हेच असल्यामुळे ही समजूत शिक्षणाने सैल न होता अधिकच घट्ट होई.

बिस्कोंनी क्रमिक पुस्तके दूर सारली नाहीत; त्यांच्या जोडीस नदी आणि रस्ता आणला. १८९१ साली चामड्याचा चेंडू आला, तेव्हा विटाळाच्या भीतीने मुले मागे सरली. एकाच्या तोंडावर चेंडू बसला आणि आकांत झाला. बिस्कोंनी त्यास पाण्यावर नेऊन तोंड धुवावयास लावले आणि खेळ पुढे चालू झाला. झेलमकाठच्या त्या शहरात माणसे बुडून मरत. म्हणून पोहणे आवश्यक ठरले, आणि ठराविक वयापर्यंत पोहता न येणाऱ्याची फी वाढू लागली. पुढे लाकडी घरांना आग लागली की हीच मुले बादल्या घेऊन धावत. पटकीच्या साथीत त्यांनी गल्ल्यांतील घाण उपसली. मिशन इस्पितळातील रोग्यांना नावेत बसवून ती हवापालटासाठी सरोवरावर नेत. शाळेच्या चिन्हावर दोन वल्ही आहेत: दांडा बळाचा, हृदयाकृती पाते दयेचे, आणि एकमेकांवर तिरकी ठेवलेली वल्ही आत्मत्यागाची खूण.

येथे एक आक्षेप आम्ही टाळू इच्छित नाही. हे सारे पुष्कळदा सक्तीने झाले. पहिल्या सामन्याच्या वेळी मुलांना मैदानावर ढकलण्यासाठी हातात काठ्या घेतलेले शिक्षक उभे होते. बिस्कोंच्या लेखनात काश्मिरी समाजाविषयी तुच्छतेचा सूरही आढळतो. राज्यकर्त्यांच्या जातीचा अहंकार त्यांना सुटला नव्हता. सेवेचा धडा देणाऱ्याने अपमान करावा, ही विसंगती लहान नव्हे. हुकमाने उचललेली बादली म्हणजे कवाईत. ती चारित्र्य नव्हे.

मग चारित्र्य कोठे दिसले? आमच्या मते, जेथे हुकूम संपला तेथे. शाळेचे मुख्याध्यापक शंकर पंडित आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्याच समाजात विधवाविवाहाचा पुरस्कार केला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांना कोणता बहिष्कार सोसावा लागला हे महाराष्ट्र जाणतो. काश्मिरातही या कामास तसेच धैर्य हवे होते. त्यासाठी पाठीशी कोणी काठी घेऊन उभे नव्हते. शिवाय या शाळेतून धर्मांतरे फारच थोडी झाली. पंडित मुले पंडितच राहिली, आणि तरीही पाय धुण्याच्या त्या कृतीचा अर्थ त्यांतील काहींनी आपलासा केला.

बिस्को १९४७ साली काश्मीर सोडून गेले आणि १९४९ साली ऱ्होडेशियात वारले. शाळा मात्र चालूच राहिली. आपल्या गावच्या शाळांची पारख करताना आपण निकालाचा टक्का विचारतो. गावात आग लागली, पूर आला, तर यांतील किती मुले न बोलावता धावतील, हाही प्रश्न विचारावा. आणि त्याआधी, त्यांचे शिक्षक व आपण स्वतः धावू काय, हे आपणांस विचारावे. मुले आपल्या हातांकडे पाहूनच शिकतात.