विद्युत् स्नायू-उद्दीपन व नर्तकाचे पाऊल

विद्युत् स्नायू-उद्दीपन व नर्तकाचे पाऊल : कातडीवर ठेवलेल्या विद्युत् अग्रांमधून अल्पकालिक विद्युत् स्पंद सोडून स्नायूचे आकुंचन घडवून आणण्याच्या पद्धतीस विद्युत् स्नायू-उद्दीपन म्हणतात. ही पद्धत प्रथम रोगचिकित्सेत रूढ झाली. निरोगी खेळाडू व बॅले नर्तक यांच्या पायांचे बळ वाढविण्यासाठी तिचा वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागला. दुर्बळ स्नायूस उपकारक ठरलेले हे साधन तयारीच्या नर्तकास कितपत उपयोगी पडते, हा तिच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

पायावर विजेचा उपयोग केल्याचा एक अतिप्राचीन उल्लेख माशाशी निगडित आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस याने इ. स. ४७ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात गाऊट या संधिविकारावर पुढील उपाय सांगितला आहे : रोग्याने समुद्राच्या ओल्या किनाऱ्यावर जिवंत टॉर्पेडो माशावर पाय ठेवून उभे राहावे व गुडघ्यापर्यंत बधिरता येईतो तसेच राहावे. टॉर्पेडो हा पाकटांचा आप्त असून त्याच्या शरीरात वीज निर्माण करणारी इंद्रिये असतात. रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णे बंदरासमोर पसरलेल्या अरबी समुद्रातही विद्युत् पाकटांच्या काही जाती आढळतात. या माशाच्या धक्क्याचे स्वरूप विद्युतीय आहे, हे जॉन वॉल्श यांनी १७७२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर केलेल्या प्रयोगांनी दाखविले. म्हणजे विजेचा हा आरंभीचा उपयोग पाय चालविण्यासाठी नव्हे, तर बधिर करण्यासाठी झाला.

लुईजी गॅल्व्हानी (१७३७–९८) यांनी बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि वीज व स्नायूचे आकुंचन यांचा संबंध विज्ञानाच्या कक्षेत आला. आलेस्सांद्रो व्होल्टा (१७४५–१८२७) यांनी १८०० मध्ये घटमाला प्रसिद्ध केली, तेव्हा तिची तुलना टॉर्पेडोच्या विद्युत् इंद्रियाशी केली होती. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावल्यावर स्नायूंचे पुनःपुन्हा आकुंचन घडविणारी वेटोळ्याची उपकरणे शक्य झाली. त्यांच्या साहाय्याने फ्रेंच वैद्य ड्यूशेन (१८०६–७५) यांनी एकेक स्नायू स्वतंत्रपणे उद्दीपित करून त्याचे कार्य निश्चित केले. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ १८५५ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शहरात १८३२ साली मारी ताल्योनी हिने ‘ला सिल्फीद’ या बॅलेत पावलाच्या टोकावर उभे राहून केलेल्या नृत्याने ती शैली प्रतिष्ठित झाली होती. तथापि या दोन घटनांचा संबंध जुळण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

विसाव्या शतकात ही पद्धत मुख्यतः पक्षाघातग्रस्तांच्या सेवेत राहिली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, बालपक्षाघाताच्या साथींच्या पार्श्वभूमीवर, १९५० नंतरच्या काही वर्षांतच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकी चिकित्सेचे शिक्षण सुरू झाले. भारतातील या विषयाच्या शिक्षणाचा हा प्रारंभ होय. १९६१ मध्ये लिबर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धांगवायूच्या रोग्यांसाठी एक लहान उपकरण वर्णिले. टाच जमिनीवरून उचलताच बुटातील कळ विद्युत् स्पंद सुरू करी आणि लोंबणारे पाऊल वर उचलले जाई.

निरोगी स्नायूंकडे लक्ष वेधले ते सोव्हिएट शास्त्रज्ञ याकोव्ह कॉट्स यांच्या प्रयोगांनी. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत १० सेकंद उद्दीपन व ५० सेकंद विश्रांती असा क्रम १० मिनिटे चाले. १९७७ मध्ये माँट्रिऑल येथे त्यांनी निष्णात खेळाडूंचे बळ ३० ते ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे सांगितले. इतरत्र झालेल्या प्रयोगांत एवढी वाढ सातत्याने आढळली नाही. परंतु या दाव्यामुळे उद्दीपनाचा प्रसार क्रीडाक्षेत्रात झपाट्याने झाला.

बॅलेमध्ये पावलाच्या टोकावर उभे राहताना पोटरीचे स्नायू टाच वर धरतात, अंगठ्याचा दीर्घ आकुंचक स्नायू अंगठ्यास आधार देतो आणि तळव्यातील लहान स्नायू बोटे व कमान स्थिर राखतात. हे लहान स्नायू स्वेच्छेने वेगळे आकुंचित करणे अनेकांना कठीण जाते. उद्दीपनाने त्यांची जाणीव करून देता येते. दुखापतीनंतर पाय बांधून ठेवावा लागल्यास स्नायूंची झीजही कमी करता येते.

मात्र या पद्धतीची मर्यादा तिच्या क्रियेतच आहे. विद्युत् स्पंद सामान्यतः स्नायूस नव्हे, तर त्याच्या प्रेरक तंत्रिकेस उद्दीपित करतात. ऐच्छिक हालचालीत मेंदू आधी लहान व मग मोठी प्रेरक एकके कामास लावतो आणि त्यांना आलटून पालटून विश्रांती देतो. उद्दीपनात अग्रांजवळची तीच ती एकके एकाच वेळी आकुंचित होतात. त्यामुळे थकवा लवकर येतो. तोल, ताल व उडीनंतर पाऊल हलके टेकविणे हे स्नायूंच्या परस्पर-सहकार्याचे गुण असून ते या मार्गाने येत नाहीत. म्हणून उद्दीपन हे सरावास पूरक आहे, त्याचा पर्याय नव्हे. हृदयात गतिकारक उपकरण बसविलेल्यांनी त्याचा वापर टाळावा. शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या पायावर ते करू नये. मधुमेह वा कुष्ठरोग यांमुळे पायांची संवेदना गेली असल्यास कातडी भाजण्याचा धोका असतो.

भारतात बॅले ही संज्ञा बहुधा नृत्यनाट्यास लावली गेली. शांती बर्धन (१९१६–५४) यांनी १९५२ मध्ये मुंबईत स्थापन केलेला ‘लिटल बॅले ट्रूप’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. टोकदार बुटांऐवजी अनवाणी पदन्यास हा भारतीय नृत्यांचा सामान्य विशेष आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जाखडी अथवा बाल्या नाचात मध्यभागी बसलेल्या गायक-वादकांभोवती नर्तक पायांत चाळ बांधून फेर धरतात व जमिनीवर जोरकस ठेका देतात. पावलाच्या टोकावर स्थिरावलेल्या बॅले नर्तकाच्या पायांवरील भार आणि या नर्तकांच्या तळव्यांवर व पोटऱ्यांवर वारंवार येणारा आघात यांचे स्वरूप भिन्न असल्याने, एकासाठी आखलेला उद्दीपनाचा क्रम दुसऱ्यास जसाच्या तसा लागू करता येत नाही.