दर पंधरा मिनिटांनी

पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि ती सुटून फुफ्फुसात अडकली, तर बोलता-चालता माणूस घटकाभरात जाऊ शकतो. गुठळीच्या या प्रवासाचा उलगडा जर्मनीत रुडॉल्फ फिरखोने १८४६ च्या सुमारास केला, पण तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. जिवंत रोग्यापुढे उभ्या असलेल्या डॉक्टरचा प्रश्न वेगळा होता. हा वाचेल की जाईल?

ही नुसती उत्सुकता नव्हती. १९०८ साली लायपझिगच्या ट्रेंडेलनबुर्गने छाती उघडून गुठळी काढायची शस्त्रक्रिया मांडली. त्याचा एकही रोगी अखेर वाचला नाही. पहिले यश किर्शनरला मिळाले, १९२४ साली. शस्त्रक्रियाच इतकी जीवघेणी, की आपोआप बऱ्या होणाऱ्यावर केली तर आपणच त्याला मारायचे. आणि मरणाची खात्री होईपर्यंत थांबावे, तर उशीर झालेला.

१९३०-३१ च्या सुमारास बॉस्टनमध्ये जॉन गिबन हा तरुण डॉक्टर अशाच एका बाईंच्या उशाशी रात्रभर बसला होता. दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब मोजून लिहायचे, एवढेच त्याचे काम. सकाळी प्रकृती ढासळली तेव्हा शस्त्रक्रिया झाली. गुठळ्या निघाल्या, पण बाई वाचल्या नाहीत. त्या रात्री सुचलेल्या कल्पनेतूनच गिबनने हार्ट-लंग मशीन बनवले आणि १९५३ साली त्यावर एका मुलीच्या हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली.

पुढे औषधांनी चित्र पालटले. १९६० साली इंग्लंडमध्ये बॅरिट आणि जॉर्डन यांनी रक्त गोठू न देणारी औषधे तपासली. औषध न दिलेल्या १९ रोग्यांपैकी ५ गुठळीने दगावले. दिलेल्या १६ पैकी एकही नाही. मग प्रश्नही बदलला. कोण मरेल याऐवजी, कोणाला निर्धास्तपणे घरी पाठवता येईल?

याचे उत्तर २००५ साली औयेस्की आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १५,५३१ रुग्णांच्या नोंदींवरून शोधले. अकरा गोष्टींना गुण दिले. नाडी ११० किंवा जास्त असेल तर २०, वरचा रक्तदाब १०० च्या खाली असेल तर ३०, शुद्धीत फरक पडला असेल तर ६०. गिबन रात्रभर लिहीत होता तेच आकडे! त्याच्यापुढे एकच रोगी होता. इथे हजारो होते, म्हणून आकडे बोलू लागले.

शाळेत जास्त गुण मिळाले की पेढे वाटायचे, इथे उलटे. जितके वय तितके गुण, आणि पुरुष असल्याचे वर दहा. म्हणजे माझ्यासारख्या शहात्तर वर्षांच्या माणसाचे खाते ८६ वरच उघडते, आणि कमी धोक्याची हद्द तर ८५ ला संपते! २०११ साली कमी धोक्याच्या ३४४ रुग्णांवर प्रयोग झाला. काही घरी, काही रुग्णालयात. तीन महिन्यांत दोन्हीकडे एकेकच मृत्यू झाला.

तरी हे गुण म्हणजे कुंडली नव्हे. शंभरातले किती जातील हे ते सांगतात, त्यातला कोण हे नाही. म्हणून नातलगांना सांगणे एवढेच, की अचानक धाप लागली तर घरी बेरीज करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. बेरीज डॉक्टर करतील.