ते फारिकी: न्यूझीलंडमध्ये मुलाची भाषा आणि घर अभ्यासक्रमात कसं आलं?

न्यूझीलंडमध्ये मूल साधारण पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास शाळेत जायला लागतं. त्याआधीच्या वयासाठी, अगदी तान्ह्या बाळापासून, तिथे एक राष्ट्रीय अभ्यासक्रम आहे. त्याचं नाव 'ते फारिकी'. माओरी भाषेत याचा अर्थ विणलेली चटई. 1996 साली आलेला हा देशातला पहिला द्विभाषिक अभ्यासक्रम. 'मुलाचा सर्वांगीण विकास' हे शब्द आपल्याकडच्या प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात असतातच. पण प्रत्यक्षात त्यांचा अर्थ काय, हे पाहायचं तर ते फारिकीची गोष्ट समजून घ्यायला हवी.

हे सुरू कुठून झालं?

1840 साली ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइटांगीचा करार झाला. पुढे 1867 च्या कायद्याने माओरी मुलांसाठी गावोगावी शाळा निघाल्या, मात्र तिथलं शिक्षण इंग्रजीतून द्यायचं होतं. अनेक शाळांमध्ये माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसत. अशी मुलं मोठी होऊन आईवडील झाली, तेव्हा त्यातल्या अनेकांनी आपल्या मुलांशी माओरीत बोलणं टाळलं. मुलांच्या वाट्याला तोच मार येऊ नये, एवढाच त्यांचा हिशोब होता. परिणाम असा की, 1970 च्या दशकापर्यंत भाषा आजी-आजोबांपुरती उरत चालली होती.

1972 मध्ये शाळांमधून माओरी शिकवावी, अशी मागणी करणारा 30 हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेसमोर गेला. खरा बदल मात्र 1982 मध्ये दिसला. वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता इथे पहिलं 'कोहांगा रेओ' सुरू झालं. कोहांगा रेओ म्हणजे भाषेचं घरटं. लहान मुलं दिवसभर माओरी बोलणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये राहणार, इतकी साधी कल्पना. चालवायला कुटुंबंच पुढे आली आणि काही वर्षांत अशी शेकडो घरटी देशभर उभी राहिली. 1987 मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला.

त्यामुळे 1990 च्या दशकात सरकारने बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करायला घेतला, तेव्हा माओरींना वगळून तो लिहिणं शक्यच नव्हतं. हेलन मे आणि मार्गारेट कार यांच्यासोबत टिली रीडी आणि तामाती रीडी यांनी तो घडवला. माओरी भाग इंग्रजीचा अनुवाद म्हणून जोडलेला नाही. मूळ चौकटच माओरी विचारातून आली आहे.

चटईत काय विणलंय?

चार तत्त्वं आणि पाच धागे. तत्त्वं अशी: मुलाला बळ देणं, समग्र विकास, कुटुंब आणि समाज, नातेसंबंध. धागे आहेत स्वास्थ्य, आपलेपणा, योगदान, संवाद आणि शोध. यात गणित, भाषा असे विषय वेगळे मांडलेले नाहीत. पालकांना नेमकं हेच खटकू शकतं.

मग मूल शिकलं की नाही, हे कळणार कसं? त्यासाठी मार्गारेट कार यांनी 'शिकण्याच्या गोष्टी' ही पद्धत विकसित केली. समजा, एक मुलगी ठोकळ्यांचा पूल बांधतेय आणि तो चारदा कोसळतो. शिक्षिका 'मोजता येतं, रंग ओळखता येतात' अशा रकान्यांत खुणा करत नाहीत. मुलीने काय करून पाहिलं, कोणाची मदत घेतली, कुठे चिकाटी धरली, हे त्या फोटोसह लिहितात, अनेकदा थेट मुलीला उद्देशून. ही वही घरी जाते आणि घरचे त्यात भर घालतात. त्यामुळे मुलीबद्दल जे आजीला ठाऊक आहे, तेही नोंदीत येतं.

अडचणी कुठे आहेत?

पहिली अडचण शिक्षकांची. स्वतःला माओरी येत नसेल तर दोन गाणी आणि सकाळचं अभिवादन यापलीकडे जाणं कठीण. दुसरा आक्षेप असा की चौकट इतकी मोकळी आहे की कोणतंही केंद्र 'आम्ही तेच करतोय' म्हणू शकतं. शिकण्याच्या गोष्टींवरही टीका होते: त्या वाचायला छान असतात, पण मागे पडणारं मूल त्यातून वेळीच लक्षात येईलच असं नाही. हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही.

तिसरा प्रश्न बदलत्या वस्तीचा. आज ऑकलंडमधल्या एखाद्या वर्गात सामोअन, टोंगन, चिनी आणि भारतीय घरांतली मुलं एकत्र असतात. वाइटांगीचा करार दोन पक्षांचा, मग बाकीच्या मुलांचं स्थान काय? सामोअन समाजाने 'आओगा आमाता' ही स्वतःच्या भाषेतली बालकेंद्रं सुरू केली आहेत. पण प्रत्येक समाजाची संख्या तेवढी नसते. अशा मुलांसाठी घरची भाषा वर्गात यावी, हे शिक्षक आणि पालक यांच्या नात्यावरच अवलंबून राहतं.

2017 मध्ये ते फारिकीत मोठी सुधारणा झाली. अध्ययन निष्पत्ती 118 वरून 20 वर आल्या आणि समाजातलं वाढतं वैविध्य जास्त स्पष्टपणे मांडलं गेलं. कोहांगा रेओंसाठी स्वतंत्र मजकूरही तयार झाला. दोन्ही एकाच पुस्तकात छापले आहेत. एका बाजूने उघडलं तर एक, उलटं करून दुसऱ्या बाजूने उघडलं तर दुसरा.