स्वातंत्र्य मागणारे आणि नाकारणारे

अमेरिकन क्रांतीचे नाव निघाले, की बोस्टन बंदरात बुडवलेल्या चहाच्या पेट्या आपल्याला आठवतात. शाळेच्या पुस्तकातले ते चित्र खोटे नाही. पण ते अपुरे आहे. त्या संघर्षाला धर्माचीही एक बाजू होती आणि ती आपण कॅथलिकांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

१७६३ साली सप्तवार्षिक युद्ध संपले. इंग्लंडला कॅनडा मिळाला, परंतु डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. वसाहतींच्या रक्षणाचा भार वसाहतींनीही उचलावा, असे लंडनच्या मंत्र्यांनी ठरवले. १७६५ च्या मुद्रांक कायद्याने वृत्तपत्रे, करारपत्रे, इतकेच नव्हे तर खेळायच्या पत्त्यांवरही कर बसला. वसाहतींचा सवाल एकच होता : ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिने आमच्यावर कर का लादावा? पुढच्या वर्षी हा कायदा मागे घेतला गेला, पण पार्लमेंटने आपला अधिकार सोडला नाही. १७७० मध्ये बोस्टन येथे सैनिकांच्या गोळीबारात पाच जण बळी पडले. १६ डिसेंबर १७७३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या आणि संतप्त सरकारने बोस्टन बंदरच बंद केले.

त्याच १७७४ साली क्वेबेक कायदा संमत झाला. त्याने कॅनडातील फ्रेंच कॅथलिकांना धर्माचरणाची मोकळीक दिली. त्याचबरोबर क्वेबेकची सीमा ओहायो नदीपर्यंत वाढवली. त्या जमिनींवर वसाहतींचा डोळा होता. राग सीमेचा, पण तो निघाला धर्मावर! ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने ब्रिटिश जनतेला लिहिलेल्या निवेदनात कॅथलिक धर्मावर रक्तपाताचा आरोप केला आणि काही दिवसांतच क्वेबेकच्या कॅथलिकांना स्नेहाचे आमंत्रण धाडले. १७७६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांच्यासह एक शिष्टमंडळ कॅनडात गेले. फादर जॉन कॅरल आणि त्यांचे नातलग चार्ल्स कॅरल हेही सोबत होते. मंडळी रिकाम्या हातांनी परतली, यात नवल ते काय?

हे चार्ल्स कॅरल मेरीलँडचे. १६३४ साली कॅथलिक उमरावाच्या आश्रयाने वसलेल्या या वसाहतीत पुढे कॅथलिकांनाच मतदान आणि सरकारी पदे वर्ज्य झाली. मिस्सा खाजगी घरांतून होई. १७५६ साली तर त्यांच्या जमिनींवर दुप्पट कर बसवण्यात आला आणि तो बसवला त्यांना मत नाकारणाऱ्या विधिमंडळाने! प्रतिनिधित्वाविना कर म्हणजे काय, हे कॅथलिकांनी लंडनकडून नव्हे, तर आपल्या शेजाऱ्यांकडूनच अनुभवले होते.

तरीही कॅरल यांनी शेजाऱ्यांची साथ सोडली नाही. १७७३ मध्ये ‘प्रथम नागरिक’ या टोपणनावाने त्यांनी वृत्तपत्रात सरकारी शुल्कवाढीवर टीका केली. प्रतिपक्षाने त्यांचा धर्म काढला. त्यांनी आपला मुद्दा सोडला नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते एकमेव कॅथलिक होत.

सहवासाने मने हळूहळू निवळली. पोपमहोदयांची प्रतिमा जाळण्याची जुनी प्रथा सेनापती वॉशिंग्टन यांनी नोव्हेंबर १७७५ मध्ये आपल्या सैन्यात बंद केली. १७७६ च्या मेरीलँडच्या घटनेने सर्व ख्रिस्ती जनांना धर्मस्वातंत्र्य दिले. १७८९ साली फादर जॉन कॅरल यांची बाल्टिमोरचे पहिले महागुरुस्वामी म्हणून नेमणूक झाली आणि १७९१ च्या घटनादुरुस्तीने संघराज्याच्या पातळीवर धर्मस्वातंत्र्याला संरक्षण मिळाले.

परंतु एक सत्य लपवून चालणार नाही. चार्ल्स कॅरल यांच्या मळ्यांवर शेकडो गुलाम राबत होते. ज्यांनी अन्याय सोसला, त्यांच्याच दारापाशी येऊन स्वातंत्र्य थबकले. आपल्या हक्कांसाठी आपण जरूर आवाज उठवावा. मात्र त्याच वेळी आपल्या उंबऱ्यावर कोण ताटकळत उभे आहे, हेही वळून पाहावे. या इतिहासातून आम्ही हाच बोध घेतो.