शिवथरच्या घळीत, शके १५८१

घळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तुम्ही नखशिखांत भिजलेले असता. अंगावरच्या घोंगडीनं पाणी पिऊन घेतलंय, खांदे अवघडलेत. महाडहून बिरवाडीमार्गे निघालात, पुढं चिखल तुडवत भातखाचरांच्या बांधांवरून आलात. साल १६५९, महिना श्रावण. कसबे शिवथरच्या अलीकडे एक बाई इरलं पांघरून बेणणी करत होती. तुमचे पाय लटपटताना बघून तिनं बांधावर बसवलं, फडक्यात गुंडाळलेली नाचणीची अर्धी भाकरी हातावर ठेवली आणि एकच विचारलं, “खान कुठवर आला, बाबा?”

तुम्हाला ठाऊक आहे. अफझलखानाचा तळ वाईला पडलाय. तुळजापूर-पंढरपूरच्या देवस्थानांना त्याच्या फौजेचा उपद्रव झाल्याची बातमी घाट उतरून या खोऱ्यात कधीच पोचली आहे. जावळी शिवाजीराजांकडे येऊन जेमतेम साडेतीन वर्षं झालीत, आणि राजे प्रतापगडावर आहेत. १० नोव्हेंबरला काय होणार तेही तुम्हाला ठाऊक आहे. चौथीच्या पुस्तकात वाचलंय. तिला मात्र काहीच ठाऊक नाही. तिचं पोर बांधावर मोळाच्या आडोशाला झोपलंय आणि खोऱ्याच्या पलीकडे दहा हजारांवर फौज बसली आहे. भय म्हणजे काय, ते तिच्याकडे बघून कळतं.

आता घळीत या. धबधब्याचा आवाज इतका मोठा आहे की आधी दुसरं काही ऐकूच येत नाही. मग कान सरावतात. आत कातळाखाली कोरडी जागा आहे, ओल्या दगडाचा आणि धुराचा वास आहे. परंपरा सांगते की दासबोध इथं सांगितला गेला. समर्थ रामदास सांगत आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी लिहून घेत. बोरू दौतीत बुडतो, कागदावर कुरकुरतो, थांबतो. आजचा समास चौथ्या दशकातला आठवा, सख्यभक्तीचा, असं धरून चला आणि जवळ सरकून ऐका.

समर्थ इथं एक कठोर गोष्ट मांडतात. देवासारखी माया आईलासुद्धा करता येत नाही, कारण विपत्तीच्या काळात आईच्या हातूनही लेकराचा घात होतो. देवानं मात्र भक्ताला मारल्याचं कुणी पाहिलं आहे का, ऐकलं आहे का? शरण आलेल्याभोवती तो वज्राचा पिंजरा होऊन उभा राहतो.

आईबद्दल इतकं बोचरं कुणी लिहील का? ज्यानं ते पाहिलंय तोच लिहील. १६३० ते ३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. समर्थ तेव्हा ऐन विशीत, नाशिकजवळ टाकळीला होते. भुकेपुढं आईबापांची माया हरली, पोटच्या पोरांनाही सोडलं नाही, असं शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीनं लिहून ठेवलंय. आई वाईट म्हणून असं झालं नाही. माणसाच्या मायेला शरीर असतं आणि शरीराला भूक असते. त्या अनुभवानंतर समर्थ देवाच्या मायेची थोरवी सांगतात, म्हणून ती मला सहज तोंडी आलेली स्तुती वाटत नाही.

त्याच वर्षीच्या कार्तिकात दुसऱ्या बाजूला, पोलादपूरच्या माथ्यावर, आणखी एक घाबरलेलं लेकरू आहे. शिवाजीराजे, वय एकोणतीस. ५ सप्टेंबरला राजगडावर सईबाई गेल्या, संभाजीराजे दोन वर्षांचे आहेत. सभासदाची बखर सांगते की भवानीनं राजांना दर्शन देऊन अभय दिलं. ‘शिवभारत’ लिहिणारे कवींद्र परमानंदही देवीचं दर्शन सांगतात. त्यांची समाधी पोलादपुरातच आहे. ज्याच्या शौर्यावर अवघा महाराष्ट्र विसंबतो, त्यालाही खानाच्या भेटीआधी आईचा शब्द लागला, हे आपल्या जुन्या लेखकांना लपवावंसं वाटलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता पुढं चला. २२ जुलै २०२१. पाऊस तोच, डोंगर तेच. सावित्री आणि गांधारी नद्या महाडच्या बाजारपेठेत शिरल्या आहेत, माणसं वरच्या मजल्यांवर अंधारात बसली आहेत, फोन लागत नाहीत. संध्याकाळी तळिये गावावर डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथंही त्याच दिवशी दरडी कोसळल्या. या वेळी तुम्हाला काहीच आधी ठाऊक नाही. बांधावरची ती बाई आता तुम्हीच आहात.

घळीत ऐकलेलं वाक्य इथं, या चिखलाशेजारी उभं राहून म्हणता येईल का? देवळात दिवा लावणारी माणसंच त्या मातीखाली होती. मी हा प्रश्न टाळून पुढं जाऊ शकत नाही आणि कुणी जाऊही नये. पण समर्थही तो टाळत नाहीत. तिसऱ्या दशकाच्या सातव्या समासात त्यांनी आधिभौतिक ताप मोजलेत. बाहेरच्या जगाकडून देहाला काय काय सोसावं लागतं, त्याची ती लांबलचक, न संपणारी यादी आहे. ती लिहिणारा माणूस पुढच्याच दशकात देवाला वज्रपिंजरा म्हणतो. तेव्हा देवभक्ताच्या घरावर दरड पडणार नाही, असं आश्वासन त्यात नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं. मनासारखं झालं नाही म्हणून देवाशी नातं तोडणाऱ्यालाही त्याच सख्यभक्तीच्या समासात कानपिचकी आहे.

मग पिंजरा कशाभोवती? माझं उत्तर असं, की जे माणूस डोंगराखाली सापडलं तेही देवाच्या हातातून निसटलेलं नाही, एवढी ही ग्वाही आहे. एवढीच. ज्यांचं घरच गेलं त्यांना ती पुरेल की नाही, हे बाहेरच्यानं ठरवू नये. त्यांनी देवावर रडावं, ओरडावं. लेकरू आईशीच भांडतं, परक्याशी नाही.

शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही घळ शोधून काढली, आणि आता पावसाळ्यात तिथं धबधबा बघायला गर्दी होते. तुम्ही जाल तेव्हा आत पाच मिनिटं बसा. आधी तिसऱ्या दशकाचा सातवा समास वाचा, मग चौथ्याचा आठवा. हा क्रम मोडू नका.