रुतणं आणि घसरणं : डोंगरातल्या पायताणांची गोष्ट

स्वारगेटला व्याख्यान आणि विषय बर्फातल्या पायताणांचा, हे ऐकून काहींना गंमत वाटली असेल. पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात दिसतो. पण शनिवारी पहाटे इथल्या एसटी स्टँडवर उभं राहून वेल्ह्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या मुलामुलींच्या पायांकडे बघा. राजगड-तोरण्याला निघालेल्या या गर्दीतलेच कितीतरी जण डिसेंबर-जानेवारीत केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास अशा ट्रेकना जातात. आणि जाण्याआधी आम्हाला एकच प्रश्न विचारतात: "सर, बर्फासाठी शूज कुठले घेऊ?"

या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. ते सोडवायचे तर थोडं मागे जावं लागतं.

डोंगरात पायाला दोन संकटं येतात. एक रुतण्याचं, दुसरं घसरण्याचं. उंटाचा पाय आठवा: पसरट, गादीसारखा, वाळूत रुतत नाही. आणि शेळीचा खूर आठवा: लहान, कडक, धारदार, कड्याच्या बोटभर कपारीतही टेकतो. उंटाला कड्यावर चढवलं किंवा शेळीला मऊ वाळूत सोडलं तर काय होईल ते सांगायला नको. माणसाने डोंगरात जी पायताणं बनवली, ती सगळी या दोन पायांपैकी कुठल्यातरी एकाची नक्कल आहे.

आपल्या सह्याद्रीत रुतण्याचा प्रश्न भातखाचरापुरता. डोंगरावर सगळा प्रश्न घसरण्याचा. आणि त्यातही गोम अशी की इथे घसरण एका जातीची नाही. उन्हाळ्यात कोरडा कातळ पायाला चांगला धरतो, अनवाणी माणूससुद्धा त्यावर बिनधास्त चढतो. त्याच कातळावर आषाढात शेवाळ धरलं की तो साबण होतो. दिवाळीनंतर वाळलेलं गवत उताराच्या दिशेने आडवं पडतं, त्यावर पाय ठेवला की माणूस घसरगुंडीवर बसल्यासारखा खाली येतो. आणि घसारा, म्हणजे सुटी माती आणि बारीक दगड, त्याच्याबद्दल तोरणा ज्यांनी उतरलाय त्यांना आम्ही काय सांगणार!

इथल्या माणसाने यावर जी उत्तरं काढली ती स्वस्त आणि शहाणी होती. अनवाणी पाय हे पहिलं उत्तर. बोटं पसरतात, कपार शोधतात, तळव्याला जमीन कळते. कातडी वहाण सपाटीवर उत्तम, काट्यापासून वाचवते, पण ओल्या कातळावर कातड्याचा तळ सरकतो. म्हणून अवघड जागी वहाणा काढून हातात घेण्याची रीत गडाखालच्या गावांमध्ये आम्ही स्वतः पाहिली आहे. पुढे रबरी टायर आले आणि जुन्या टायरच्या चपला धनगरवाड्यांपर्यंत पोचल्या. रबर कातळाला धरतं हे त्या चपलांनी डोंगरातल्या माणसाला सांगितलं. मग शहरातल्या ट्रेकरांनी कॅनव्हासचे 'हंटर' आणि नंतर 'अ‍ॅक्शन'चे ट्रेकिंग बूट उचलले. परदेशी बुटांच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत मिळणारा आणि सह्याद्रीच्या कातळावर त्यांच्याइतकाच धरणारा हा बूट मराठी गिर्यारोहणाच्या इतिहासात मानाने नोंदवायला हवा. तसा तो कुणी नोंदवत नाही, कारण इतिहास शिखरांचा लिहितात, तळव्यांचा नाही.

आता युरोपात चला. आल्प्समध्ये कातळही आहे आणि बर्फही. तिथल्या लोकांनी घसरण्यावर लोखंड वापरलं. जाड कातडी बुटाच्या तळाला खिळे ठोकायचे. एव्हरेस्टवर 1924 साली बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह 1999 साली सापडला, तेव्हा त्याच्या पायात असाच खिळ्यांचा बूट होता. कडक बर्फासाठी बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, म्हणजे क्रॅम्पॉन, हेही जुनंच. ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने 1908च्या सुमारास दहा दातांचा नवा आराखडा केला आणि इटलीतल्या कुरमायरच्या ग्रिव्हेल लोहाराने तो घडवला. त्याच घराण्यातल्या लॉरेंने 1929 साली पुढच्या बाजूला आणखी दोन दात काढले. शेळीचा खूर इथे पूर्ण झाला.

खिळे गेले ते एका अपघातामुळे. 1935 साली आल्प्समधल्या रासिका शिखरावर व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती गेले. त्या काळी जड खिळ्यांचे बूट खाली ठेवून शेवटच्या कातळचढाईला हलके, पातळ तळाचे जोडे घालत. हवामान बिघडलं, थंडी आली, आणि त्या जोड्यांत ना ऊब होती ना बर्फावर पकड. ब्रामानी हादरला. दोन वर्षांनी, 1937 साली, त्याने खोल नक्षीचा रबरी तळ बाजारात आणला. कातळावरही चालेल, बर्फावरही बऱ्यापैकी चालेल असा. आज स्टँडवर दिसणाऱ्या प्रत्येक ट्रेकिंग बुटाच्या तळाचा आजोबा तो.

आता उंटाचा पाय. स्नोशू. त्याला मराठी शब्द नाही आणि आम्ही तो घडवण्याच्या भानगडीत पडत नाही. बुटाखाली बांधायची रुंद चौकट, एवढं लक्षात ठेवा. हिशेब साधा आहे. पाठपिशवीसकट 80 किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर बुटाच्या साधारण 250 चौरस सेंटिमीटर तळावर सगळा भार येतो. 60 सेंटिमीटर लांब, 20 रुंद स्नोशू बांधला की तोच भार 1200 चौरस सेंटिमीटरवर पसरतो. दाब जवळजवळ पाचपट कमी. मांडीपर्यंत रुतणारा माणूस घोट्यापर्यंत रुततो.

ही वस्तू परिपूर्ण केली ती उत्तर अमेरिकेतल्या क्री, ओजिब्वेसारख्या मूळ रहिवाशांनी. लाकूड वाकवून चौकट करायची आणि आत कच्च्या कातड्याच्या वाद्यांची जाळी विणायची. मोकळ्या माळावर लांब शेपटीचा, दाट जंगलात वळायला सोपा म्हणून गोल, अस्वलाच्या पंजासारखा. कमालीची कारागिरी! पण ती जंगलाची आणि गोठलेल्या तळ्यांची कारागिरी होती. त्या गोल लाकडी चौकटीला तीव्र उतारावर धरायला काहीच नव्हतं. उतार आडवा कापायला गेलं की कड सरकायची आणि माणूस स्नोशूसकट खाली. आपल्याकडे काश्मिरात भाताच्या पेंढ्याचे 'पुलहोर' विणत. ते बर्फावर कमी घसरायचे, पण रुतण्यावर त्यांचा इलाज नव्हता.

म्हणजे बघा, रुतण्याचं उत्तर सपाटीवरच्या लोकांकडे होतं आणि घसरण्याचं उत्तर डोंगरातल्या लोकांकडे. ती एकत्र यायला विसावं शतक उलटत आलं. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या प्रेटर बंधूंनी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, जाळीऐवजी अखंड पडदा आणि बिजागरीसारख्या पट्ट्याखाली दात अशी रचना रूढ केली. 1995 साली तिथल्याच एमएसआर कंपनीचा 'डेनाली' आला: चौकटच नाही, सगळा प्लॅस्टिकचा पत्रा, आणि दोन्ही बाजूंना लांबीभर दातेरी पट्ट्या. उंटाच्या पायाला शेळीचे खूर. तीव्र चढाचा स्नोशू ही इतकी तरुण वस्तू आहे. आमच्यातल्या काहींची लग्नं तिच्याआधीची आहेत.

आता निवडीचं बोलू. दुकानात लोक आधी आकार विचारतात: मोठा घेऊ का, कमी रुतेल? सपाटीसाठी बरोबर. चढासाठी आधी स्नोशू उलटा करा आणि दात बघा. नुसते पंजाखाली असतील तर उतार आडवा कापताना ते कामाचे नाहीत. दोन्ही कडांना हवेत. मग टाचेखाली उभी करता येणारी तारेची कडी बघा. उभ्या चढावर तिच्यावर टाच टेकते आणि पोटरीचा जीव वाचतो. लांबी तुमच्या आणि पिशवीच्या वजनाला पेलेल इतकीच, शक्यतो 22 इंचांच्या आसपास. लांब शेपूट वळताना अडकते. काही स्नोशूंना भुसभुशीत बर्फासाठी मागे जोडायची शेपटी वेगळी मिळते. आणि पट्टे घरीच हातमोजे घालून लावून-सोडून बघा. आमच्या एका मित्राने ते पहिल्यांदा वाऱ्यात, उघड्या हातांनी केलं. बोटांना पुढे दोन महिने मुंग्या येत होत्या.

पण त्याआधीचा प्रश्न: तुम्हाला स्नोशू लागतो का? केदारकंठ्याच्या वाटेवर मोसमात रोज शेकडो पाय पडतात. बर्फ दाबला जातो, रात्री गोठतो. तिथे रुतायला होत नाही, घसरायला होतं. म्हणून स्थानिक वाटाडे बुटावर चढवायचे साखळीदार मायक्रोस्पाइक देतात, ते बरोबरच आहे. तिथे स्नोशू म्हणजे काँक्रीटवर उंट. ताज्या, न तुडवलेल्या बर्फात स्वतः वाट पाडायची असेल तेव्हा स्नोशू. आणि उतार इतका उभा व कडक झाला की दातही नीट बसत नाहीत, तेव्हा स्नोशू पाठीला बांधून क्रॅम्पॉन आणि आइस अ‍ॅक्स. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण 1998 साली एव्हरेस्टवर पोचले, 2012 साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीचे आठ जण पोचले, ते शेवटी क्रॅम्पॉनवरच.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पेटीवर मोठ्या अक्षरात छापत नाहीत. हिमप्रपात बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. जुना गोल स्नोशू माणसाला अशा उतारावर चढूच देत नव्हता, त्याच्या दोषानेच तो वाचायचा. नवा दातेरी स्नोशू आरामात तिथे नेऊन उभा करतो. पायाखालचा बर्फ थरावर थर कसा बसलाय ते त्याला कळत नाही. ते वाटाड्याला विचारायचं, आणि तो "आज नको" म्हणाला तर सुट्टी आणि तिकिटाचे पैसे विसरून परत फिरायचं.

एक चिठ्ठी आली आहे: "सरावासाठी सिंहगडावर स्नोशू घालून चढू का?" नका घालू. बेसॉल्टवर दात बोथट होतील आणि उरलेले गडकरी तुमचे व्हिडिओ काढतील. त्यापेक्षा पाठीवर दहा किलो घ्या आणि घसाऱ्याच्या वाटेवर आडवं, हळू, पूर्ण तळवा टेकवत चाला. वेल्ह्याची पहिली गाडी गाठा. उशिरा गेलात तर परत यायला उभ्यानं यावं लागतं.